मिडल-अर्थ : एका कल्पित भूमीचे पोटपाणी

आटपाट नगराच्या कहाणीत राजा शेतसारा किती घेत होता, नगराला धान्य कोठून येत होते किंवा नदीवरचा पूल खचला तर तो कोणी दुरुस्त करायचा, असे प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नाहीत आणि ते पडण्याची गरजही नसते, कारण त्या कहाणीचे प्रयोजन वेगळे असते. ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे अध्यापन करणारे जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांनी ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या ग्रंथांतून जी मिडल-अर्थ नावाची भूमी उभी केली, तिच्याबाबत मात्र हे सारे प्रश्न विचारता येतात आणि त्यांतील बहुतेकांची उत्तरे ग्रंथांतच मिळतात. या भूमीची ख्याती तिथल्या जादूच्या अंगठीमुळे, महायुद्धामुळे आणि चित्रपटांमुळे झाली असली, तरी ती खरी वाटते याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तिथल्या शेतांना, पाणचक्क्यांना, जकातनाक्यांना आणि कोठारांना द्यावे लागते. तिथले राजकारणसुद्धा कोणता समाज आपले पोट कसे भरतो यावरूनच अधिक स्पष्ट उलगडते.

टोल्किन यांनी आपली भूमिका १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या परीकथाविषयक व्याख्यानात मांडली होती. लेखक जेव्हा कल्पनेतून एखादे जग घडवतो, तेव्हा ते एक प्रकारचे ‘दुय्यम विश्व’ असते, म्हणजे मूळ सृष्टीच्या आत माणसाने निर्माण केलेली दुसरी सृष्टी, आणि तिचे नियम आपल्या जगाच्या नियमांहून कितीही निराळे असले तरी त्यांनी परस्परांना छेद देता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. सूर्य हिरवा आहे असे लिहून टाकायला काहीच लागत नाही, पण ज्या जगात हिरवा सूर्य स्वाभाविक वाटेल असे जग उभे करायला मेहनत लागते, असा त्या विवेचनाचा रोख आहे. मिडल-अर्थमध्ये ही मेहनत नकाशापासून सुरू होते. आपण आधी नकाशा काढला आणि कथा त्यात बसवली, असे त्यांनी १९५४ साली नेओमी मिचिसन या लेखिकेला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. पात्रे एका दिवसात किती अंतर चालतील आणि त्या रात्री चंद्राची कला कोणती असेल, याचेही हिशेब त्यांनी मांडले होते.

नकाशावरून हवामान ठरते आणि हवामानावरून पिके ठरतात. हॉबिट लोकांचे गाव आणि त्याच्या पूर्वेकडील रिव्हेंडेल हे एल्फ लोकांचे ठाणे साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आहे आणि तेथून सुमारे सहाशे मैल दक्षिणेला असलेली गोंडोर राज्याची राजधानी मिनास तिरिथ इटलीतील फ्लोरेन्सच्या अक्षांशावर येते, असे टोल्किन यांनी नंतर एका पत्रात सांगितले. म्हणजे उत्तरेकडे ओलसर, सौम्य हवेत जव, कुरणे आणि सफरचंदाच्या बागा, तर दक्षिणेकडे जास्त ऊन, फळबागा आणि समुद्रकिनारा अशी विभागणी आपोआप होते. या दोहोंच्या मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेली मिस्टी पर्वतांची रांग आहे, तिच्या पूर्वेला अँदुइन ही महानदी दक्षिणेकडे वाहत जाऊन समुद्राला मिळते, आणि पर्वत ओलांडण्याच्या मोजक्या खिंडी व नदी ओलांडण्याचे मोजके उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती व्यापाराची नाडी असते. मिस्टी पर्वतातील उंच खिंड आणि कॅरॉकचा उतार बिऑर्निंग नावाचे लोक राखतात. ते वाट सुरक्षित ठेवतात, पण त्यांचा पथकर भारी आहे, अशी तक्रार एक ड्वार्फ रिव्हेंडेलमधल्या मेजवानीत करतो. जगाचे भवितव्य ठरवणाऱ्या सभेच्या आदल्या संध्याकाळी पथकराचा उल्लेख यावा, हेच या लेखनाचे वैशिष्ट्य आहे.

या भूमीचा सर्वांत तपशिलाने रंगवलेला भाग म्हणजे शायर. पूर्व-पश्चिम चाळीस लीग आणि दक्षिणोत्तर पन्नास लीग, म्हणजे अंदाजे १९० किलोमीटर बाय २४० किलोमीटर एवढा हा मुलूख असून, दोन ते चार फूट उंचीचे हॉबिट लोक तिथे राहतात. हे लोक तिथले मूळचे नव्हेत. तिसऱ्या युगाच्या १६०१ व्या वर्षी मार्को आणि ब्लँको या दोन भावांनी ब्री गावातून निघून, उत्तरेकडील राजाच्या परवानगीने ब्रँडीवाइन नदी ओलांडली आणि ही जमीन वसवली. तेच वर्ष शायरच्या कालगणनेचे पहिले वर्ष ठरले. राजाने जमीन दिली ती काही अटींवर : नदीवरचा मोठा पूल आणि मुलखातले इतर पूल व रस्ते दुरुस्त ठेवायचे, राजाच्या जासूदांना पुढे जाण्यास मदत करायची आणि राजाचे स्वामित्व मान्य करायचे. पुढे राजघराणे लयाला गेले, राजधानी ओसाड पडली, तरी हॉबिटांनी जुने कायदे पाळणे सोडले नाही, आणि पूल व रस्ते राखण्याच्या या अटीत शायरच्या सुबत्तेचे मूळ आहे, कारण या मुलखातून जाणारा पूर्व-पश्चिम हमरस्ता ड्वार्फ लोकांच्या ये-जा करण्याचा मार्ग होता आणि बाहेरच्या जगाशी होणारा थोडाफार व्यवहार त्याच वाटेने चालत असे.

शायरचे चार विभाग आहेत आणि प्रत्येकाची माती वेगळी आहे. उत्तर विभागात जव चांगला येतो व त्यापासून बिअर बनते. दक्षिण विभाग उबदार असल्याने तिथे द्राक्षे आणि धूम्रपानाची पाने पिकतात. पूर्व विभागात नदीकाठी मॅरिश नावाची पाणथळ पण सुपीक पट्टी आहे, जिथले शेतकरी विटांची घरे बांधतात आणि चिखलात चालण्यासाठी बूट घालतात, जे एरवी अनवाणी राहणाऱ्या हॉबिटांत अपवादानेच आढळते. याच पट्टीतल्या मॅगट नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सलगम आणि अळंबी पिकतात, राखणीला तीन मोठे कुत्रे असतात, आणि त्याच्या स्वयंपाकघरात त्याची बायको, मुले, मुली व शेतावरचे गडी एकाच लांब मेजावर जेवायला बसतात. हॉबिटांना पाणचक्की, हातमाग आणि लोहाराचा भाता यांहून गुंतागुंतीची यंत्रे समजत नाहीत किंवा आवडत नाहीत, असे ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. शासन म्हणण्याजोगे फारसे काही नाही : दर सात वर्षांनी ऐन उन्हाळ्यातल्या जत्रेत निवडला जाणारा महापौर, त्याच्या हाताखाली टपाल आणि बारा शिपाई, आणि त्या शिपायांचे मुख्य काम म्हणजे भरकटलेली गुरे हुडकणे.

या मुलखाचे एकमेव मोठे नगदी पीक म्हणजे ‘पाइप-वीड’, पाइपमध्ये भरून ओढायची पाने. शायर सनाच्या १०७० च्या सुमारास लाँगबॉटम गावच्या टोबोल्ड हॉर्नब्लोअर या गृहस्थाने त्याची पहिली खरी लागवड केली, आणि ‘लाँगबॉटम लीफ’, ‘ओल्ड टोबी’, ‘सदर्न स्टार’ हे वाण पुढे नावाजले गेले. ही वनस्पती मूळची मिडल-अर्थची नसून समुद्रापलीकडून माणसांनी आणली असावी आणि दक्षिणेत गोंडोरमध्ये ती आपोआप उगवत असली तरी तिथे तिचा उपयोग केवळ फुलांच्या सुवासासाठी होतो, अशी माहिती मेरी या हॉबिटाच्या टिपणाच्या रूपाने दिली आहे. पिकाच्या प्रवासाचा असा पत्ता ठेवण्याची लेखकाला गरज का वाटली, हे समजून घेण्यासारखे आहे. तंबाखू, बटाटा व टोमॅटो ही सारी अमेरिका खंडाकडून आलेली पिके, आणि युरोपच्या प्राचीन काळासारख्या जगात ती बसत नाहीत, याची टोल्किन यांना जाणीव होती. ‘द हॉबिट’च्या १९६६ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी टोमॅटो काढून त्या जागी लोणचे घातले; ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला बटाटा मात्र राहू दिला. कोकणाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या मागोमाग आलेली मिरची आणि बटाटा आज ज्या सहजतेने आपले वाटतात, ते पाहता मराठी वाचकाला ही दुरुस्ती जितकी काटेकोर तितकीच हृद्य वाटावी.

शायरच्या पूर्वेला, दोन हमरस्त्यांच्या छेदावर ब्री नावाचे गाव आहे. तिथे माणसे आणि हॉबिट शेजारी-शेजारी राहतात, आणि गावाचा मोठा आधार म्हणजे रस्त्यावरची वर्दळ. म्हणून ‘प्रान्सिंग पोनी’ नावाची खाणावळ-धर्मशाळा हे तिथले केंद्र आहे. या खाणावळीतील एक व्यवहार टोल्किन यांच्या हिशेबी वृत्तीचा उत्तम नमुना आहे. कथानायकांची तट्टे रात्रीत तबेल्यातून पळवली जातात आणि सामान वाहून नेण्यासाठी गावातल्या एका लबाड माणसाकडून, जनावराच्या खऱ्या किमतीच्या किमान तिप्पट म्हणजे बारा चांदीचे पेनी मोजून, एक उपाशी तट्टू विकत घ्यावे लागते. खाणावळीचा मालक बार्लिमन बटरबर ही रक्कम स्वतःच्या खिशातून भरतो आणि हरवलेल्या तट्टांची भरपाई म्हणून आणखी अठरा पेनी देऊ करतो. तीस पेनींचा हा भुर्दंड ब्रीमधल्या खात्यापित्या माणसालाही जड गेला, असे लेखक सांगतो. पुढे ती पळालेली तट्टे परत मिळतात आणि बटरबरला पाच चांगली जनावरे वाजवी भावात पडतात. कथेच्या प्रवाहात या नोंदीची काहीच गरज नव्हती, तरी लेखकाने ती केली, आणि त्यामुळे ब्री गावात पैसा कसा फिरतो, माणसे शब्द कसा पाळतात आणि कोण कोणाला नडतो हे एका परिच्छेदात समजते.

पर्वतांच्या पूर्वेला, एका मोठ्या सरोवरात लाकडी खांबांवर उभे असलेले लेक-टाउन हे पूर्णतः व्यापारावर जगणारे नगर आहे. दक्षिणेकडून नदीमार्गाने येणारा माल धबधब्याजवळ उतरवून गाड्यांनी नगरात आणला जातो आणि तेथून जवळच्या अरण्यात राहणाऱ्या एल्फ लोकांच्या राजाकडे होड्यांतून जातो, कारण त्या अरण्यात द्राक्षे पिकत नाहीत आणि राजाला तर डॉरविनियनच्या बागांतील मद्याची फार आवड आहे. मद्य, लोणी, सफरचंदे असा माल पिंपांतून वर जातो. रिकामी झालेली पिंपे राजवाड्याच्या तळघरातून सरळ नदीत सोडली जातात आणि प्रवाहाबरोबर वाहत खाली येतात, जिथे ती गोळा करून तराफा बांधला जातो. बिल्बो नावाचा हॉबिट कैदेतील तेरा ड्वार्फांना सोडवतो तो याच व्यवस्थेचा फायदा घेऊन, आणि म्हणून त्या सुटकेचा प्रसंग चमत्कारावर अवलंबून राहत नाही. ड्वार्फांचे स्वतःचे जीवन खाणी व कारागिरीवर उभे आहे : एरेबोर पर्वतात ते धातू काढत, शस्त्रे, दागिने आणि डेल नगरात विकली जाणारी खेळणी बनवत, आणि आपले धान्य त्यांनी कधी स्वतः पिकवले नाही, ते शेजारच्या माणसांकडून मोबदल्यात मिळे. तिसऱ्या युगाच्या २७७० साली स्मॉग नावाचा ड्रॅगन आला, पर्वत व डेल दोन्ही उद्ध्वस्त झाले, आणि राजघराण्यातल्या ड्वार्फांना परमुलखात लोहारकाम, प्रसंगी कोळशाच्या खाणीतले कामसुद्धा करून पोट भरावे लागले. ज्याच्याकडे सोने आहे पण शेत नाही, त्याची अवस्था किती नाजूक असते हे या इतिहासातून कोणी मुद्दाम न सांगताच कळते.

दक्षिणेकडे रोहन हा घोडेस्वारांचा देश आहे. साथीच्या रोगाने आणि आक्रमणांनी उजाड झालेला हा गवताळ प्रदेश गोंडोरच्या कारभाऱ्याने, म्हणजे राजाच्या गैरहजेरीत राज्य चालवणाऱ्या वंशपरंपरागत अधिकाऱ्याने, तिसऱ्या युगाच्या २५१० साली युद्धात मदतीला धावून आलेल्या एऑर्लच्या लोकांना दिला. त्यांचे धन म्हणजे घोड्यांचे कळप. पूर्वेकडच्या माळावर गुराखी कळपांमागे हिंडत आणि हिवाळ्यातही तंबूत, शेकोटीजवळ राहत. मॉर्डोरचा अधिपती सौरॉन याने मोठी किंमत देऊन त्यांचे घोडे विकत मागितले, त्यांनी नकार दिला, आणि मग त्याने ऑर्क नावाचे आपले क्रूर सैनिक पाठवून घोडे लुटले, त्यातही नेमके काळे घोडे निवडून.  या भूदानाला दुसरीही बाजू आहे : पश्चिमेकडील डोंगरांत राहणाऱ्या डनलेंडिंग लोकांना ही जमीन आपली वाटते, एऑर्लच्या वंशजांनी आपल्याला हाकलले हा राग पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात धुमसतो, आणि त्यामुळे पुढे त्यांना रोहनविरुद्ध चिथावणे शत्रूला सोपे जाते. विजेत्यांच्या गौरवगाथेत विस्थापितांची ही तक्रार नोंदवली जाणे हा टोल्किन यांच्या इतिहासदृष्टीचा मोठेपणा मानला पाहिजे.

गोंडोर हे या भूमीतले माणसांचे एक मोठे व जुने राज्य असले, तरी त्याचे दुखणे लोकसंख्येचे आहे. राजधानी मिनास तिरिथ सात तटांची, पण तिच्यात सुखाने राहू शकतील त्याहून निम्मीच माणसे उरली आहेत आणि कितीतरी वाड्यांत कोणी राहत नाही. नगराबाहेरचे पेलेनोर हे मैदान दहा लीगांहून लांब अशा बाह्य तटाने वेढलेले असून तिथे नांगरटीची शेते, फळबागा, गोठे, मेंढवाडे आणि धान्याची कोठारे आहेत. पाण्याचे लहान-लहान ओढे डोंगरातून उतरून अँदुइनला मिळतात. तरीही तिथे शेतकरी थोडे आहेत, कारण बरेचसे लोक नगरात किंवा दक्षिणेकडील लोसार्नाखच्या दऱ्यांत व पाच नद्यांच्या लेबेन्निन प्रांतात राहतात. युद्धाच्या आदल्या दिवसांत मांडलिक सरदारांच्या तुकड्या नगरात येतात तेव्हा लोक त्या मोजत उभे असतात : लोसार्नाखहून दोनशे, जिथे दसपट अपेक्षित होते, एथिरच्या मुखाजवळचे कोळी शंभरावर, कारण बाकीच्यांना जहाजांवर थांबावे लागले, किनाऱ्यावर चाच्यांचे भय असल्याने घरे उघडी टाकून येणे इतरांनाही परवडत नव्हते. एकूण संख्या तीन हजारांच्या आतच भरते. राज्याची ताकद तलवारींवर मोजली जात असली तरी ती येते शेतांतून आणि कोळीवाड्यांतून, आणि दोन आघाड्यांवर ताण आला की ती कशी अपुरी पडते, हे या मोजणीत दिसते.

शेतीचा उगम या भूमीने पुराणकथेच्या रूपाने सांगितला आहे. एंट म्हणजे झाडांची राखण करणारे, झाडांसारखेच दिसणारे प्राचीन जीव. त्यांच्या स्त्रियांना रानावनात मनमानेल तसे वाढणाऱ्या वृक्षांपेक्षा आपल्या हुकमात फुलणाऱ्या बागा, धान्य आणि फळझाडे प्रिय होती, म्हणून त्या महानदीपलीकडे गेल्या, तिथे त्यांनी शेते उभी केली आणि माणसांना शेतीची विद्या शिकवली. पुढे युद्धात त्या बागा जळून गेल्या, तो पट्टा ‘तपकिरी प्रदेश’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्या स्त्रियांचा पत्ता कधीच लागला नाही. वन राखणारा आणि शेत राखणारा यांच्यातील हा दुरावा खरा वाटतो, कारण दोन्ही पक्षांचे प्रेम अस्सल आहे.

मिडल-अर्थमध्ये अर्थकारणच नाही, ही टीका वारंवार होते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. हॉबिटांच्या घरात खिसेदार जाकिटे आणि शेकोटीच्या वरच्या फळीवर घड्याळ दिसते, पण घड्याळजी कुठे राहतो हे कळत नाही; बॅगिन्ससारखी सुखवस्तू घराणी कोणत्या उत्पन्नावर जगत होती, हे अध्याहृतच राहते; एल्फ लोकांची प्रवासी पोळी, लेम्बास, एकाच तुकड्यावर दिवसभर चालायला बळ देते, पण तिच्या धान्याचे शेत कथेत कुठेच दिसत नाही. मॉर्डोरभोवती काटकोनात वळणाऱ्या पर्वतरांगा भूशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, असेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मिचिसन यांना लिहिलेल्या पत्रांत टोल्किन यांनी हे अपुरेपण अंशतः मान्य केले, पण त्याच वेळी शायर सुपीक असण्याची भौगोलिक कारणे आणि गोंडोरला पुरेशी शेते, पाणी व रस्ते असल्याची बाजूही मांडली. वर्णन अपुरे असणे आणि विचारच न केलेला असणे यांत फरक आहे, आणि या भूमीच्या बाबतीत दोष असलाच तर तो पहिल्या प्रकारचा आहे.

मॉर्डोरचे उदाहरण याचा निर्णायक पुरावा ठरते. ज्वालामुखीच्या राखेने आणि धुराने करपलेल्या गॉरगोरॉथच्या पठारावर खाणी व भट्ट्या आहेत आणि तिथे अगणित सैन्य गोळा झाले आहे. अशा ओसाड जागी त्या सैन्याचे पोट कसे भरते, हा प्रश्न कोणत्याही चौकस वाचकाला पडेल. टोल्किन यांनी त्याचे उत्तर नेमक्या त्या ठिकाणी, नायक डोंगरकड्यावरून त्या पठाराकडे पाहत असताना, दिले आहे : दूर दक्षिणेला नुर्नेन या खाऱ्या सरोवराच्या काठी गुलामांकडून कसवून घेतलेली विस्तीर्ण शेते आहेत, आणि पूर्व व दक्षिणेकडील मांडलिक देशांतून गाड्यांच्या रांगाच्या रांगा माल, लूट आणि ताजे गुलाम घेऊन येतात. नायकांना हे सारे दिसत नाही आणि ठाऊकही नाही. लेखक खास थांबून वाचकाला सांगतो. फौजांच्या वर्णनावर समाधान मानणाऱ्या लेखकाला हे सुचले नसते.

मात्र अन्न आणि सत्ता यांचा संबंध सर्वांत जवळून दिसतो तो शायरच्या लुटीच्या प्रकरणात. सारुमान हा आयझेनगार्डचा जादूगार. त्याने आपल्या खोऱ्यातील झाडे तोडून भट्ट्या घातल्या होत्या. त्याचा पाडाव झाल्यावर मेरी व पिपिन या हॉबिटांना त्याच्या कोठारातून पाण्याबरोबर वाहून आलेली पाइप-वीडची दोन पिंपे सापडतात, ज्यांवर हॉर्नब्लोअर घराण्याची छापील खूण आणि १४१७ हे साल आहे. ते खूश होतात, पण त्यांच्या अनुभवी सोबत्याला, पुढे राजा होणाऱ्या ॲरागॉर्नला, ही गोष्ट खटकते, कारण शायरचा माल इतक्या दूर पोहोचला असेल तर कोणीतरी गुपचूप व्यवहार करतो आहे. घरी परतल्यावर कॉटन या शेतकऱ्याकडून उलगडा होतो. लोथो नावाच्या धनिकाची दक्षिण विभागात पानांची लागवड होती. एक-दोन वर्षे तो उत्तम माल गाजावाजा न करता बाहेर विकत होता. त्या पैशातून त्याने पाणचक्क्या, माल्टची कोठारे, खाणावळी आणि शेते विकत घेतली. नंतर पानांबरोबर इतर मालाच्याही गाड्या दक्षिणेकडे जाऊ लागल्या आणि हिवाळा तोंडावर असताना टंचाई भासू लागली. मग गाड्यांबरोबर आलेले दांडगे तिथेच राहिले. जाब विचारायला निघालेल्या म्हाताऱ्या महापौराला कोंडले गेले, खाणावळी बंद झाल्या, आणि धान्य ‘गोळा करून वाटण्यासाठी’ मापारी घरोघर फिरू लागले. गोळा होई खूप, वाटपात परत येई थोडे.

या घटनाक्रमात पाणचक्कीचे प्रकरण विशेष नोंद घेण्याजोगे आहे. लोथोने जुनी चक्की पाडून चाकाचाकांनी भरलेली मोठी चक्की बांधली, जास्त दळण आणि तेही लवकर व्हावे म्हणून. पण दळायला धान्य पूर्वीइतकेच होते, त्यामुळे नव्या चक्कीला काम जुन्याहून वाढले नाही. पुढे सारुमान स्वतः येऊन बसल्यावर तिथे दळण थांबले, ठोकाठोक व धूर सुरू झाला आणि घाण पाणी ओढ्यातून ब्रँडीवाइनपर्यंत जाऊ लागले. जुन्या चक्कीवाल्याचा मुलगा टेड सँडीमन, ज्याचा बाप त्या जागी स्वतःचा मालक होता, तो आता परक्यांची चाके पुसायला राहिला आणि त्यातच धन्यता मानू लागला. टोल्किन यांचे बालपण बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल गावात गेले, तिथे एक पाणचक्की होती, आणि आपण दहा वर्षांचे होण्याच्या आतच तो परिसर विद्रूप होऊ लागला, असे त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. यंत्रांविषयीचा हा राग एकांगी म्हणून बाजूला सारण्यापूर्वी कॉटनच्या तक्रारीतला हिशेब पाहावा : आक्षेप चाकांवर नाही, पिकाशी प्रमाण न राखता वाढवलेल्या क्षमतेवर, कारागिराची मालकी जाण्यावर आणि नदीत सोडलेल्या घाणीवर आहे.

शायर सन १४१९ च्या ३ नोव्हेंबरला बायवॉटरची लढाई झाली, सुमारे सत्तर दांडगे आणि एकोणीस हॉबिट मारले गेले, आणि मुलूख मोकळा झाला. त्यानंतर शिपायांची वाढवलेली संख्या पूर्वीइतकी करणे, कोंडलेल्यांना सोडवणे, दांडग्यांनी साठवलेले धान्य व बिअर बाहेर काढणे, नव्या बांधकामांच्या विटांनी जुनी घरे दुरुस्त करणे अशी कामे एकामागून एक झाली. सॅम गॅमजी या माळ्याने एल्फ लोकांच्या स्वामिनीने दिलेल्या मातीचा एकेक कण तोडलेल्या देखण्या वा लाडक्या झाडांच्या जागी लावलेल्या प्रत्येक रोपाच्या मुळाशी घातला. पुढच्या वर्षी उत्तर विभागातल्या जवाचे असे पीक आले की त्या सालची बिअर नावाजली गेली, आणि हा माळी पुढे सात वेळा महापौर निवडून आला.

राजा झालेल्या ॲरागॉर्नने केलेली वाटणीही याच दृष्टीने वाचावी लागते. शरण आलेल्या पूर्वेकडच्या लोकांना त्याने सोडून दिले, ड्रूअदान अरण्यातल्या लोकांना त्यांचे वन कायमचे दिले आणि त्यांच्या संमतीवाचून तिथे कोणी जाऊ नये असा हुकूम काढला, शायरमध्ये मोठ्या माणसांनी प्रवेश करू नये असे शायर सन १४२७ मध्ये जाहीर केले, आणि मॉर्डोरच्या मुक्त झालेल्या गुलामांना नुर्नेन सरोवराभोवतीची ती सगळी जमीन, जी ते आजवर दुसऱ्यासाठी कसत होते, त्यांच्या मालकीची म्हणून दिली.